पिंजऱ्यातली बारा खोकी

"बघ, मेहंदी नाही लावलेली मी," नाझिया म्हणाली आणि तिने दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले.

उजव्या हाताच्या तीन बोटांवर काळपट डाग होते. डागांच्या कडेची कातडी लाल होऊन सुजली होती आणि अंगठ्यावर पाण्याने भरलेला फोड टरारून आला होता. मी तिचा हात उलटा करून पाहणार, तोच तिने तो मागे ओढला.

"हात लावू नकोस. काल मोजणीवरच्या विमलने माझा हात धरून बघितला. आज तिच्या मनगटावर आलंय."

"काय उघडलं होतंस काल?"

"खोकी. रोजचीच. साबण नाही, ॲसिड नाही, काही नाही. लहान बाळांचे कपडे होते."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी भिवंडीला एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या गोडाउनमध्ये कामाला होते. देशभरातले छोटेमोठे विक्रेते आपला माल आमच्याकडे पाठवून द्यायचे. ठेवायचं, बांधायचं, गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायचं, हे सगळं कंपनी करायची. नाझिया आलेली खोकी उघडून माल मोजून घ्यायची. जे खोकं काही कारणाने अडेल, ते माझ्या टेबलावर यायचं. काय ठेवायचं नाही याची आमच्याकडे छप्पन्न पानांची यादी होती. कापूर नको, कारण तो पेट घेतो. अत्तर नको. लोहचुंबक अमुक ताकदीपेक्षा जास्त नको, कारण विमानाला त्रास. रोपं नकोत, ताडी नको, गोफण नको. लोक काय काय पाठवतील याला धरबंध नव्हता. एकाने तर पितळेच्या डब्यात घालून जिवंत गांडुळं पाठवली होती.

मला ते काम फार आवडायचं. बंद वस्तू दिसली की ती उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि इथे त्याचाच पगार मिळत होता. शेजारच्यांकडे काय शिजलंय ते त्यांच्याआधी वनिताला कळतं, असं आई म्हणायची. ते काही कौतुकाने म्हणायची नाही.

काटकर सर आमच्या शिफ्टचे मॅनेजर. त्यांनी नाझियाला आणि विमलला डॉक्टरकडे पाठवलं आणि ती बारा खोकी पिंजऱ्यात टाकायला सांगितली. पिंजरा म्हणजे गोडाउनच्या टोकाला तारेची जाळी लावून केलेली खोली. धोकादायक माल तिथे लाल पट्टी लावून ठेवायचे. चार खोक्यांच्या तळाला तपकिरी, चिकट ओल आली होती.

"तीन दिवस," काटकर सर म्हणाले. "शुक्रवारी चारला बाद माल जाळायला नेणारी नाशवाली गाडी येते. तोवर कारण कळलं नाही तर सगळी बारा खोकी जाणार. खोटी माहिती दिली म्हणून विक्रेत्याचं खातंही कायमचं बंद."

"पण सर, बाळाच्या कपड्यांत माणसाला भाजेल असं असतं काय?"

"ते शोधणं आपलं काम नाही, वनिता."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हणायला नको होतं.

गुरुवारी सकाळी दोन-दोन हातमोजे चढवून, डोळ्यांना चष्मा लावून मी पिंजऱ्यात शिरले. हाताला पट्टी बांधून नाझिया जाळीबाहेर स्टुलावर बसली. तिला घरी पाठवलं होतं, पण ती गेली नव्हती. कोण आपल्याला चावलं ते बघूनच जाणार, म्हणाली.

मी पहिलं ओलं खोकं उघडलं. आत एकेका पारदर्शक पिशवीत एकेक जोड होता. झबलं, टोपडं, दोन लंगोट आणि एक दुपटं. जुन्या मऊ सुती कापडाची, चार पदर घालून हाताने धावदोरा घातलेली दुपटी. कुणाच्या कडेला पोपट, कुणाच्या कडेला मासा. एका खोक्यात वीस जोड, म्हणजे बारांत दोनशे चाळीस. मी एकेक पिशवी उजेडात फिरवून पाहिली. कुठे डाग नाही, वास नाही.

"रंग असेल," नाझिया बाहेरून म्हणाली. "आमच्याकडे लूमवर कच्चा रंग लागला की असंच होतं."

"रंग असता तर कापड ओलं असतं. ही ओल खोक्याची आहे."

वीसही पिशव्या बाहेर काढल्यावर तळाला वर्तमानपत्र लागलं. ते उचललं तर खालच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने बसवलेली काळ्या फडक्याची एक पुडी. बोराएवढी, चारी बाजूंनी शिवून बंद केलेली. ओल तिच्यातून येत होती.

मी दुसरं खोकं उघडलं. त्यातही पुडी. तिसऱ्यातही. बाराच्या बारा खोक्यांत, त्याच कोपऱ्यात.

"काय आहे?" नाझिया उठून जाळीला नाक लावून उभी राहिली. "उघड ना!"

मी कात्रीने टाका कापला. आत एक चपटं, काळंभोर, चकचकीत बी होतं. त्याच्या आरपार दोरा ओवून ते फडक्याला पक्कं शिवलेलं. सुई गेली होती तिथून डांबरासारखा काळा रस पाझरून वाळला होता.

"टेम्पोला लिंबू-मिरची टांगतात ना," नाझिया म्हणाली, "त्याच्या खाली असतं हे."

"तो कोळसा असतो."

"कोळशाला रस सुटतो?"

तिचं बरोबर होतं. मी फोटो काढला आणि पुडी बरणीत बंद केली. विक्रेत्याला फोन करायची आम्हांला सक्त मनाई होती. जे काय विचारायचं ते मेलवर, आणि मेलला उत्तर यायला चार दिवस लागायचे. पण खोक्यावर कुरिअरची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर नंबर होता. द्वारकाबाई तायडे, मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. नसती उठाठेव म्हणतात ती हीच, हे मला समजत होतं. तरी दुपारच्या सुट्टीत मी कॅन्टीनच्या मागे जाऊन नंबर लावला.

"हॅलो, कोन?"

"द्वारकाबाई तायडे ना? मी भिवंडीच्या गोडाउनमधून बोलतेय. वनिता भोईर."

"अवं माय! पोचलं काय सामान?" त्या आवाजात नुसता आनंद होता. "थांब वो बाई, याईले सांगू दे. अवं प्रमिला, कंपनीतून फोन आला!"

पाठीमागे शिलाई मशिनींची खडखड चालली होती. ती एकेक करून थांबली. बायका फोनभोवती गोळा झाल्याचं मला इकडे कळत होतं.

"मावशी, तुमच्या खोक्यांत तळाला काळ्या फडक्याची पुडी आहे..."

"हाव, हाय ना."

"काय आहे ते?"

"बिब्बा हाय. नजर लागू नाई म्हनून." मी बाराखडीतलं अक्षर विचारल्यासारखं त्यांनी सांगितलं. "पयलीच खेप होय ना बाई आमची. त्यात लेकराईचे कपडे. तुमच्या एवढ्या मोठ्या गोडाउनात किती लोकाईचे डोळे पडतीन."

"पण मावशी, माल पाठवताना विचारलं होतं ना, यात विषारी, कातडीला जाळणारं काही आहे का म्हणून? तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"मालात कुठं हाय? माल तं झबले-दुपटे. बिब्बा आपला घरचा हाय. त्याचे काय पैसे लावले नाई आमी."

मग मी त्यांना नाझियाच्या बोटांचं सांगितलं. विमलच्या मनगटाचंही सांगितलं.

"उतला?" त्यांनी हळूच विचारलं.

मला तो शब्द ठाऊक नव्हता. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी अशी फोडाफोडाने येते, त्याला तिकडे बिब्बा उतला म्हणतात.

"बांधलेला बिब्बा उतत नाई, बाई. माह्या पोराच्या पाळन्याले दोन वर्स होता. सगळेच बांधतात. त्याले फक्त टोचाव लागत नाई."

"याला टोचलाय, मावशी. आरपार दोरा आहे."

"मीच टोचला." त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदावर लिवलं होतं. डब्बा हालवून पाहा, आत काई वाजलं नाई पायजे. मी हालवला तं बिब्बा पुडीत खडखड करे. मंग सुई घालून फडक्याले शिवून टाकला. बाराई डब्बे हालवून पायले. एकाचाई आवाज आला नाई."

नियम आमचाच होता. खोकं हलवल्यावर आवाज आला तर माल परत जायचा, आणि मी स्वतः असे कितीतरी परत पाठवले होते. मूर्तिजापूरहून निघालेली गाडी मे महिन्यात तीन दिवस पत्र्याखाली तापली होती, आणि टोचलेल्या बिब्ब्याचं तेल पातळ होऊन खोक्याच्या सांध्यातून बाहेर आलं होतं.

"त्या पोरीले सांग, फोड फोडू नको म्हना. खोबरेल लाव, अन् तीळ-खोबरं खाय. डाक्टरलेई दाखव," द्वारकाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "सामानाचं काय करतीन मंग?"

मी खरं ते सांगितलं. गाडी, शुक्रवार, चार वाजता. अकरा जणींनी चार महिने बसून केलेलं काम होतं ते. कापड उधारीवर नव्हतं, कर्ज नव्हतं, तसं काहीच डोक्यावर नव्हतं. फक्त अकरा जणींनी घरच्यांना सांगितलं होतं की आमचा माल मुंबईला विकला जाणार आहे.

"मी बघते काहीतरी," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. मला बघायचा काडीचा अधिकार नव्हता.

त्या संध्याकाळी मी छप्पन्न पानं घरी नेली आणि जेवताना वाचून काढली. एकेचाळिसाव्या पानावर मला हवं ते सापडलं. दोष नुसत्या बांधणीत असेल आणि वस्तू स्वतःच्या बंद पिशवीत सुरक्षित असेल, तर खोकं बदलून माल सोडता येतो. मला इतका आनंद झाला की मी आईला ते पान वाचून दाखवलं. आई म्हणाली, आधी भात गार होतोय तो खा.

शुक्रवारी सकाळी मी बरणी आणि ते पान घेऊन काटकर सरांपुढे उभी राहिले.

"बिब्बा?" त्यांनी बरणी डोळ्यांजवळ नेली. "कामात बिब्बा घातला म्हणतात ते जन्मभर ऐकतोय. वस्तू आज बघितली." मग त्यांनी पान वाचलं, दोनदा वाचलं. "पिशव्या बंद आहेत?"

"आहेत सर. कपड्यांवर एकसुद्धा डाग नाही."

"मग विक्रेत्याचं लेखी पाहिजे. पिशव्या बंद आहेत, कपड्यांना काही लागलेलं नाही, एवढंच. तीनच्या आत मेल येऊ दे, मी सोडतो." मी वळले तसे ते म्हणाले, "आणि वनिता, तिला फोन करून घाई कर असं मी तुला सांगितलेलं नाही. तू तिच्याशी कधी बोलली आहेस हेसुद्धा मला माहीत नाही."

नाझिया दारातच होती. तिचा फोड बसत चालला होता. "सुटले का कपडे?"

"सुटलेच समज," मी म्हणाले आणि कॅन्टीनच्या मागे धावले.

"मावशी, काम झालं! फक्त दोन ओळी लिहून पाठवायच्या. प्रमिलाताई मोबाइलवरून करतील ना मेल? लिहा, पिशव्या पूर्ण बंद आहेत आणि कपड्यांना काही लागलेलं नाही."

पलीकडच्या मशिनी थांबल्या.

"पिशव्याईले भोकं हायत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्याच कागदात होतं. पिशवी लेकराच्या तोंडावर बसली तं जीव गुदमरते, म्हनून भोकं पाडा. परतेक पिशवीले चार पाडले. सुई तापवून."

मी फोन कानाला लावूनच पिंजऱ्याकडे पळत गेले, हातमोजा चढवला आणि एक पिशवी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. खालच्या बाजूला, शिवणीलगत, टाचणीच्या डोक्याएवढी चार भोकं होती. आदल्या दिवशी मी त्या पिशव्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या होत्या. मला, नको तिथे नाक खुपसणारीला, ती दिसली नव्हती.

"मावशी, अगदी बारीक आहेत," मी म्हणाले. "कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. मी प्रत्येक कपडा बघितलाय. एक डाग नाही."

हे मी म्हणाले. नऊ वर्षांत ते वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही.

"डाग लगोलग दिसत नाई," त्या म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. लहान मुलीला शिकवावं तसं सांगत होत्या. "तो मांगून काळा पडते. आमच्याइकडे परीट बिब्ब्यानं कपड्यावर खुना करत. कपडा फाटून जाय, खून जात नसे. अन् तुमच्या त्या पोरीची कातडी मोठ्या मानसाची हाय, बाई. हे झबले पयल्या दिवसाच्या लेकराच्या आंगात जातीन."

"पण चारच खोकी ओली आहेत. बाकीची आठ..."

पाठीमागून एक तरुण आवाज आला. बहुतेक प्रमिलाचा. "आठ तं चांगले असतीन ना मामी! आठ तं वाचव ना!"

"कोनते आठ?" द्वारकाबाईंनी तिला विचारलं. "सांग, कोनते आठ? टोचले तं बाराई. हात लावून सांग, हे झबलं साफ हाय. तुह्या पोटातल्याले घालशीन?"

मग कुणीतरी हुंदका दिला आणि लांब निघून गेलं. मी फोन कानाला लावून तशीच उभी होते.

"हॅलो," द्वारकाबाई म्हणाल्या. "हायस काय? जाळून टाक सगळं."

"मावशी, खातं बंद करतील. परत तुम्हांला..."

"मंग करू दे. तुह्यानं झालं तेवढं तू केलं, पोरी. आता जाळून टाक म्हना साहेबाले. मीच सांगतो म्हना."

तीनला काटकर सर मेलची वाट पाहत बसले होते. मेल आला, पण त्यात दुसऱ्याच दोन ओळी होत्या. सरांनी त्या वाचल्या, संगणक माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "तूच भर." पडद्यावरच्या फॉर्मवर नाशाचं कारण विचारलं होतं. खाली चौदा कारणांची यादी होती. 'विक्रेत्याची स्वतःची मागणी' हे शेवटचं होतं. तिथे नोकरी लागल्यापासून मी ते कधी निवडलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी निवडलेलंही पाहिलं नव्हतं.

चारला गाडी आली. हातमोजे घातलेल्या दोन माणसांनी बारा खोकी वर चढवली. नाझिया माझ्या शेजारी उभी होती. ती रागावली असेल असं मला वाटलं होतं, तिचेच हात भाजले होते. पण दार लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोपट छान होता गं."

गाडी गेटकडे निघाली आणि माझा फोन वाजला. मूर्तिजापूर. त्यांचा विचार बदलला असेल, थांबव म्हणतील, या आशेने मी तो इतक्या घाईने उचलला की हातातून पडता पडता वाचला.

"गाडी आली काय?"

"आली मावशी. आत्ताच निघतेय. थांबवू का?"

"नाई नाई. कुठं जाळतात ते?"

"लांब आहे. भट्टी आहे त्यांची."

"मंग त्या गाडीवाल्याले सांग. धुरात उभा राहू नको म्हना. बिब्ब्याचा धूरई उतते. डोळ्यात गेला तं डोळे जातीन. वारा पाठीवर घेऊन उभं राहा म्हना. गरिबाचं लेकरू असंन ते, त्याले कोन सांगन? सांगजो बरं. इसरू नको."

मी फोन हातात धरूनच पळत सुटले. गेटवर पावती फाडायला गाडी थांबली होती. मी काचेवर हात आपटला. ड्रायव्हर चाळिशीचा, गळ्यात टॉवेल टाकलेला माणूस होता. त्याने काच खाली केली आणि मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. धूर घेऊ नका. वारा पाठीवर घ्या. डोळ्यांना हात लावू नका. भट्टीवरच्या माणसांनाही सांगा, नक्की सांगा.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग आरशातून मागच्या खोक्यांकडे पाहिलं.

"एवढं काय भरलंय यात, मॅडम?"

"झबली," मी म्हणाले, आणि गेटवर सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.